थेरपीत सांगतात घरात मराठी बंद करा, मग आजीने नातवाशी बोलायचं कसं? (ऑटिझम, इंदूर)

सुदामानगर_आई

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायचा धीर केला. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. आम्ही इंदूरला सुदामानगरात असतो. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचा जन्म इथलाच, बाजारात हिंदी बोलतात, पण घरात त्यांच्या तोंडून मराठीशिवाय दुसरं काही मी नऊ वर्षांत ऐकलं नाही.

मुलाचे चाळीस-पन्नास शब्द आहेत, निम्मे मराठी, निम्मे हिंदी. तहान लागली की माझ्याजवळ येऊन "तुला पाणी हवं का?" म्हणतो, अगदी मी विचारते त्याच सुरात. गेल्या महिन्यात स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "घर में एक ही भाषा रखिए, बच्चा कन्फ्यूज़ हो रहा है." शाळा इंग्रजी माध्यमाची, ते म्हणतात इंग्रजी बोला. शेवटी आम्ही घरात हिंदी ठरवली. आज सोळा दिवस झाले.

या सोळा दिवसांत सासूबाई त्याच्याशी बोलायच्याच थांबल्या. चुकून मराठी निघेल आणि नातवाचं नुकसान होईल ही भीती. काल त्या त्याला वरणभात भरवत होत्या. एरवी "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" चालतं. काल एक शब्द नाही. तो दर घासाला त्यांच्या तोंडाकडे बघून थांबायचा. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

शाळेचं आणखी वेगळं. रोज अकराच्या सुमारास फोन येतो, "ले जाइए, संभल नहीं रहा." आता म्हणतात शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी मदतनीस, तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या, जमत नसेल तर दुसरी शाळा बघा.

मराठी बंद करणं खरंच गरजेचं आहे का? आणि शाळेशी कसं बोलावं? ज्यांनी हे काढलंय त्यांनी सांगा.

पागनीसपागा

ताई, आज रात्रीचं जेवण मराठीत होऊ द्या. बाकीचं नंतर वाचा.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिलाही ऑटिझम आहे. ती चारची असताना आम्हालाही हेच सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं. तीन वर्षं घरात फक्त हिंदी. हिंदी आली, पण ती यायचीच होती. शेजार, शाळा, भाजीवाला, टीव्ही, इथे सगळं हिंदीच आहे. गेली ती मराठी. माझी आई गोष्टी सांगणारी बाई होती. आळीतली मुलं तिच्या ओट्यावर जमायची. नातीशी मात्र "खाना खाया? स्कूल गई?" एवढं बोलून गप्प व्हायची, कारण हिंदीत तिला गोष्ट सांगता येत नव्हती. २०१९ मध्ये आई गेली. माझ्या मुलीला आजी होती, पण आजीची गोष्ट तिच्या वाट्याला आलीच नाही. आता काहीही केलं तरी ते भरून येणार नाही. आपल्याकडे मराठी घराबाहेर मिळत नाही, ती घरातच मिळते.

शाळेचं रात्री सविस्तर लिहितो, दुकान बंद केल्यावर.

मांडवी_बडोदा

मी बडोद्यात विशेष शिक्षिका आहे, चौदा वर्षं झाली. आमच्याकडची मराठी घरं तर तीन भाषांत राहतात. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दर महिन्याला येतो.

दोन भाषांनी मूल गोंधळतं ही समजूत जुनी आहे, आणि चांगल्या मनाचे थेरपिस्टही ती अजून सांगतात. पण ऑटिझम असलेल्या एक भाषा ऐकणाऱ्या आणि दोन भाषा ऐकणाऱ्या मुलांची तुलना करून पाहिलेली आहे. दुसऱ्या भाषेमुळे मुलं आणखी मागे पडतात असं त्यात आढळलेलं नाही. नुकसान होतं ते दुसऱ्याच वाटेने. आई-आजी ज्या भाषेत अडखळतात त्या भाषेत बोलायला लागल्या की बोलणंच आटतं. लाड आटतात, गाणी आटतात, रागावणंसुद्धा आटतं. तुमच्याकडे सोळा दिवसांत तेच झालंय. मॅडमशी भांडू नका. त्यांना सांगा, घरी मराठी राहणार आहे, तुम्ही हिंदीत जे शब्द घ्याल त्यांची यादी द्या, आम्ही तेच घरी मराठीत घेऊ.

आता "तुला पाणी हवं का?" याबद्दल. ही चूक आहे असं मनातून काढून टाका. पाणी मिळण्याच्या वेळी त्याच्या कानावर दर वेळी हेच वाक्य पडतं. त्याने ते अख्खं उचललं आणि बरोबर वेळी, बरोबर माणसाजवळ येऊन वापरलं. याला इकोलालिया म्हणतात, आणि पुष्कळ मुलांची भाषा अशीच, आधी अख्खी वाक्यं आणि मग त्यांचे तुकडे, या वाटेने येते. तो आला की तुम्ही त्याच्या जागी उभं राहून बोला. "मला पाणी हवं." आणि लगेच पाणी द्या. "आधी म्हण, मग देते" असं करत पेला हातात धरून ठेवू नका. तहानलेल्याला पाणी मिळालं पाहिजे. व्याकरण मागून येतं, कधी वर्षाने येतं.

आणखी एक. आपण मुलांशी किती प्रश्नांत बोलतो ते एक दिवस मोजून बघा. हे काय? रंग कोणता? काऊ कुठे बसला? मूल सतत परीक्षेला बसलेलं असतं. त्याऐवजी जे दिसतंय ते सांगा. "काऊ उडाला." मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपल्याला ते दहा आकडे फार लांब वाटतात. त्याला ते लागतात.

बोलणं फार कमी असेल तर चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲपही घ्या. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मोफत आहे आणि मराठीतही आहे. चित्रं दिली तर मूल बोलायचं सोडून देईल ही भीती बहुतेक आयांना वाटते. तसं होत नाही.

सुदामानगर_आई

तुमचं दोघांचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून हात धुतले आणि ताट वाढायला घेतलं. पहिल्याच घासाला "हा चिऊचा". तो हसला नाही, पण पाय हलवायला लागला. खूश असला की तो पाय हलवतो.

ताई, एक सांगायचं राहिलं. शाळा म्हणते त्याला सूचना कळत नाहीत. आमच्या गल्लीत सकाळी पावणेसातला कचरागाडी येते, गाणं लावून. पूर्वी गाणं ऐकू आलं की हा कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरायचा. सासूबाईंनी एक दिवस सगळे डबे त्याच्यासमोर मांडले आणि काय कुठे जातं ते दाखवलं. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं. गाडीला सहा कप्पे असतात, ते त्याला आठवड्यात पाठ झाले. आता साडेसहालाच दाराशी डबे घेऊन उभा असतो. कान अजून झाकतो, पण पळत नाही. परवा समोरच्या काकांनी बिघडलेला चार्जर सुक्या कचऱ्यात टाकला, तर याने तो उचलून ई-कचऱ्याच्या कप्प्यात टाकला आणि काकांकडे बघितलंही नाही. असं मूल वर्गात एक वही काढत नाही म्हणतात.

मांडवी_बडोदा

तुमच्या सासूबाईंनी जे केलं ते आम्ही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकतो. आवाज तोच आहे. पण तो कधी येणार हे त्याला ठाऊक झालं, आणि आला की आपण काय करायचं हेही ठाऊक झालं. एवढ्याने तो पलंगाखालून बाहेर आला. शाळेत नेमकं हेच नाहीये. तिथे काय, कधी, किती वेळ, आणि मग काय, हे त्याला कोणी दाखवत नाही. नुसतं सांगतात. सांगितलेलं हवेत विरतं, चित्र समोर राहतं. दिवसाची चित्रांची पट्टी करा, उभी, सहा-सात चित्रं, झालेलं काढून पाकिटात टाकायचं. प्रार्थना, वही, डबा, खेळ, घर. "घर" हे शेवटचं चित्र दिसत असलं की बरीच मुलं मधलं सगळं निभावतात.

आणि ते अकराचं शोधा. रोज एकाच वेळी फोन येतो म्हणजे त्या वेळेला काहीतरी घडतं. बाईंना विचारा, त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत वर्गात काय होतं.

सराफा_१९

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. माझा पुतण्या पाच वर्षांपर्यंत बोलला नव्हता, आज वकील आहे. मुलगे उशिराच बोलतात. आणि अगदीच वाटलं तर स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) उपचाराने फरक पडतो म्हणतात, आमच्या ओळखीचे एक जण मुलाला घेऊन गेले होते, दोन-तीन लाख खर्च आला. मुलासाठी माणूस एवढं करतोच.

मांडवी_बडोदा

दादा, तुम्ही आपुलकीने लिहिलंय हे कळतं, पण दोन्ही गोष्टींना हरकत घेते, कारण हा धागा उद्या कोणी दोन वर्षांच्या मुलाची आईही वाचेल. उशिरा बोलणारं मूल बोटाने दाखवतं, "बघ ना" म्हणून डोळ्यांत बघतं. ते होत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर पाचव्या वर्षापर्यंत वाट बघण्यात हातचा वेळ जातो. जिल्हा रुग्णालयांतून लहान मुलांसाठी डीईआयसी म्हणून केंद्रं असतात, तिथे तपासणी मोफत होते.

स्टेम सेलबद्दल स्पष्ट सांगते. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, बाकी सगळं फक्त प्रयोगाच्या चौकटीत करायचं, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. ऑटिझमसाठी कोणी लाखांत पैसे मागत असेल तर तिथून उठून या. तसंच लसीचं. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. धाकट्या भावंडांच्या लशी त्या भीतीने चुकवू नका. माझ्याकडे अशी दोन घरं आली आहेत.

सराफा_१९

हे माहीत नव्हतं. त्या ओळखीच्यांना कळवतो, ते दुसऱ्या खेपेला जाणार होते.

लष्करची_आजी

सूनबाई, मी ग्वाल्हेरची. वय अडुसष्ट. मोबाइलवर लिहायला वेळ लागतो, चुका पोटात घाल. माझा धाकटा नातू असाच आहे, आता अकराचा. तो आधी काहीच बोलत नव्हता, नुसता हुंकार. मी दुपारी पोळ्या लाटताना सवयीने पाढे म्हणायची. लहानपणापासूनची सवय, लाटण्याला ठेका लागतो. बे एके बे, बे दुणे चार. तो ओट्याखाली बसून ऐकायचा. एक दिवस मला ठसका लागला आणि "बे त्रिक" म्हणून मी थांबले. खालून आवाज आला, "सहा." माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. तेव्हापासून मी मुद्दाम थांबायला लागले. बे चोक, आणि थांबायचं. तो आठ म्हणायचा. पुढे पाढ्यावरून गाण्यावर आलो, गाण्यावरून "आजी, पाणी" वर आलो. त्याला तीन वर्षं लागली. तुझ्या सासूबाईंना सांग, चिऊचा घास म्हणताना मध्येच थांबा. "हा घास..." आणि गप्प बसा. घाई करू नका. आणि त्यांना माझा नमस्कार सांग.

मांडवी_बडोदा

आजी, नमस्कार. यावर मला काही जोडायचं नाही.

पागनीसपागा

आता शाळेबद्दल. मी दोन चुका करून शिकलो, त्या तुमच्याकडून होऊ नयेत.

पहिली चूक, मी कायदा हातात घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. कायदा आपल्या बाजूचा आहे, त्यात शंका नाही. १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात ते आहे. कलम १६ प्रमाणे सरकारमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यायचं, त्यांच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, लागेल तो वैयक्तिक आधार द्यायचा. म्हणजे शॅडो टीचर ही शाळेत राहण्याची अट म्हणून तुमच्या गळ्यात घालणं बरोबर नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं प्रमाणही सांगितलंय. पण मी हे सगळं पहिल्याच भेटीत मोठ्या आवाजात बोललो आणि पुढची दोन वर्षं माझ्या मुलीला त्याच बाईंच्या वर्गात बसायचं होतं. कायदा कागदावर लिहून द्या, पोच घ्या, आणि आवाज खाली ठेवा. उत्तर आलंच नाही तर भोपाळला निःशक्तजन (म्हणजे दिव्यांगांच्या) आयुक्तांकडे तक्रार करता येते, तेव्हा तीच पोच कामाला येते.

दुसरी चूक, मी मुलीचे रिपोर्ट दिले. बारा पानं. कोणी वाचले नाहीत, कोण वाचणार? पंचेचाळीस मुलं असतात त्या बाईंना. मग बायकोने एक पान लिहिलं, मुलीच्या तोंडचं, हिंदीत. शिक्षकांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. साधारण असं होतं: "मी उत्तर देताना तुमच्याकडे बघत नाही, पण ऐकत असते. मला एका वेळी एकच काम सांगा. पाठीवर हात ठेवू नका, समोर येऊन बोला. मी हात झटकायला लागले की आवाज फार झालेला असतो, मला पाच मिनिटं ग्रंथालयात सोडा, मी परत येते. मला नकाशे आवडतात." शेवटचं वाक्य सर्वांत कामाला आलं. भूगोलाच्या सरांनी तिला नकाशा टांगायचं काम दिलं आणि त्या वर्गात तिला एक जागा मिळाली.

तुमचा मुलगा वर्गीकरण करतो ना? वह्या गोळा करून विषयवार लावायचं काम त्याच्यासाठी मागून घ्या.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आत्ताच करून ठेवा, दहावीपर्यंत थांबू नका. जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डापुढे आयएसएए नावाची ऑटिझमची चाळीस मुद्द्यांची चाचणी घेतात, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. चाळीस टक्के किंवा जास्त आलं की पुढच्या बहुतेक सोयी लागू होतात. सीबीएसईत माझ्या मुलीला तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो, दोनऐवजी एकच भाषा घेता आली, तिने चित्रकला घेतली. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा निरामय आरोग्य विमाही काढा, वर्षाला एक लाखापर्यंतचं कवच आहे आणि थेरपीचा काही खर्च त्यातून निघतो. बिलं जपा. मी पहिली दोन वर्षं जपली नाहीत.

लोकमान्यनगर_काका

वाचतोय. आमच्या वरच्या मजल्यावर असंच एक मूल आहे. त्याच्या किंचाळण्यावरून मी गेल्या गणपतीत त्यांच्याशी वाद घातला होता. अनंत चतुर्दशीच्या झाक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री ढोल-ताशे चालू होते आणि ते मूल ओरडत होतं, आणि मी ओरडण्याबद्दल तक्रार केली, ढोलाबद्दल नाही. उद्या वर जाऊन येतो.

सुदामानगर_आई

चार महिन्यांनी लिहिते आहे. सगळ्यांना कळवायचं होतं, पण दिवस असे जातात की रात्री हातात फोन धरवत नाही.

अकराचं कोडं सुटलं. वर्गाच्या दाराच्या अगदी वर विजेची घंटा आहे, मधल्या सुट्टीची. हा दाराजवळच्या बाकावर बसायचा. बाईंना मी विचारलं तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "अरे, बेल तो इसके सिर पर है." त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आता बाक खिडकीकडे आहे, आणि अकराला पाच कमी असताना तो हजेरीचं रजिस्टर घेऊन ऑफिसात जातो, मावशी बरोबर असतात. घंटा वाजते तेव्हा तो पायऱ्यांवर असतो, कान झाकून उतरतो. फोन आता आठवड्यातून एखादा. शॅडो टीचरचा विषय शाळेने अजून पूर्ण सोडलेला नाही. मी कलम १६ चं पत्र दिलंय, पोच घेतली आहे, आवाज खाली ठेवला होता.

ते एक पान लिहिलं. "मला कचरा वेगळा करता येतो" हे त्यात लिहू की नको असा विचार करत होते, मुलं चिडवतील म्हणून. शेवटी लिहिलं. शाळेने वर्गातले दोन डबे त्याच्याकडे सोपवलेत.

सगळं नीट झालंय असं नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला नेऊ म्हणाले नवऱ्याचे मित्र, आम्ही नाही गेलो, आणि नवरा दिवसभर गप्प होता. केस कापणं अजून दोघांनी धरूनच होतं, मला ते बघवत नाही. "तुला पाणी हवं का?" अजून तेच आहे. मी "मला पाणी हवं" म्हणते आणि पाणी देते. मंगळवारी प्रमाणपत्रासाठी बोर्डापुढे जायचंय.

परवाची रात्र सांगते. सासूबाईंनी ग्वाल्हेरच्या आजींचं ऐकून पाढे लावले आहेत, जेवताना. त्या "बे पंचे" म्हणून थांबायच्या, तो दहा म्हणायचा. हे दोन महिने चाललंय. परवा त्या घास कालवत होत्या, काही म्हणत नव्हत्या. तो त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "बे सक." आणि थांबला. त्यांच्याकडे बघत. सासूबाईंना क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाल्या, "बारा." तो म्हणाला, "बे साती." पुन्हा थांबला. त्या म्हणाल्या, "चौदा." असं करत त्याने त्यांच्याकडून वीसपर्यंत वदवून घेतलं. भात गार झाला, कोणी उठलं नाही.

लष्करची_आजी

आता तीनचा लावा. तीन एके तीन. त्यांना म्हणावं, घाई नको.